क्रॉलर अपग्रेड करायचाय? आधी वजन खाली आणा, मोटर नंतर

आरसी क्रॉलर (रिमोटवर चालणारी, दगडांवर हळूहळू चढणारी छोटी गाडी) बॉक्समधून काढून दोन-चार रविवार टेकडीवर फिरवला की हात शिवशिवायला लागतात, मग रात्री झोपायच्या आधी फोनवर पार्ट बघणं सुरू होतं, आणि कार्टमधे पहिली जाते ब्रशलेस मोटर, दुसरा अॅल्युमिनियमचा लाल-निळा चकचकीत सेट, तिसरी छतावरची एलईडी पट्टी. टायरचा नंबर कधी तरी शेवटी लागतो. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. क्रॉलर दगडावर चढतो तो वजन कुठे आहे आणि टायर किती चिकटतो यावर, ताकद बहुतेक गाड्यांमधे आधीच भरपूर असते. आणि दुसरं म्हणजे एक पार्ट बदलला की त्याचा ताण शेजारच्या पार्टवर जातो, म्हणून कुठला पार्ट आधी आणि कुठला नंतर याला अर्थ आहे.

इथे मुख्यतः ट्रॅक्ससचा टीआरएक्स-४ डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, २०१७ मधे आलेली १/१० स्केलची गाडी, कारण तिला पार्ट सगळ्यात जास्त मिळतात. अॅक्सियलचा एससीएक्स१० टू असेल तरी नव्वद टक्के गोष्टी त्याच, फक्त एक मोठा फरक आहे. टीआरएक्स-४ ला पोर्टल अॅक्सल आहे, म्हणजे अॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) चाकाच्या मध्यापेक्षा वर असतो आणि चाकाजवळ वेगळे गिअर असतात. त्यामुळे डिफरेन्शियल (अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा, म्हणजे डिफ) दगडाला कमी घासतं, आणि शेवटचं रिडक्शन (वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर) चाकापाशी असल्यामुळे मधल्या शाफ्टवर टॉर्क (पिळाचा जोर) कमी येतो, थ्रॉटल दिल्यावर गाडी एका अंगाला पिळली जात नाही. तोटा असा की गाडी उंच बसते. एससीएक्स१० टू चा अॅक्सल सरळ आहे, गाडी खाली बसते पण डिफचा गोळा दगडावर आपटतो. म्हणजे टीआरएक्स-४ वाल्याला वजन खाली आणायची गरज जास्त.

काहीही ऑर्डर करायच्या आधी दोन मापं घेऊन ठेवा, नाहीतर पैसे घालून नेमका काय फरक पडला ते कळतच नाही. पहिलं वजन. घरातला किचनचा डिजिटल काटा घ्या (पाच किलोपर्यंत मोजणारा), बॅटरी गाडीत बसवा, पुढची दोन्ही चाकं काट्यावर आणि मागची दोन्ही तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा. उंची सारखी पाहिजे, गाडी तिरकी झाली की आकडा खोटा येतो. मग उलटं करा. साधारण तीन किलोच्या गाडीत पुढे १.८ आणि मागे १.२ किलो, म्हणजे ६०-४० च्या आसपास, हे चढाईसाठी चांगलं गणित आहे. दुसरं माप कलण्याचं. प्लायची फळी घ्या, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवा म्हणजे टायर घसरणार नाहीत, गाडी आडवी उभी करा, फळीची एक बाजू हळूहळू उचला आणि फोनमधलं लेव्हलचं अॅप फळीवर ठेवा. वरच्या अंगाची दोन्ही चाकं सुटली की तो अंश लिहून ठेवा. पुढे प्रत्येक पार्ट टाकल्यावर हेच करायचं.

आता टायर. स्टॉक (गाडीबरोबर आलेले) टायर अगदी टाकाऊ नसतात पण त्यांचं रबर कडक असतं, टिकावं म्हणून. १.९ इंचाच्या रिमला बसणारे मऊ कंपाउंडचे (रबराच्या मिश्रणाचे) टायर घेतले की तीच गाडी ओळखू येत नाही. प्रो-लाइनचा हायरॅक्स हा टायर बरेच जण घेतात, तो जी८ कंपाउंडमधे पण येतो आणि प्रिडेटर म्हणून त्याहून मऊ कंपाउंड आहे त्यात पण. आपल्याकडच्या काळ्या कातळावर कोरड्या दिवसात जी८ पुरतो, आणि मऊ टायर जांभ्या दगडावर खवल्यासारखा झिजतो, म्हणून कोकणात रोज चालवणार असाल तर फार मऊ घेऊ नका. व्यास किती घ्यायचा? टीआरएक्स-४ चे स्टॉक टायर ४.६ इंची, म्हणजे ११७ मिलीमीटरच्या आसपास. ४.७५ पर्यंत जा, त्यापुढे गेलात की बॉडीचे फेंडर कापावे लागतात, सर्व्होवर (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर) ताण येतो आणि गाडी अजून उंच होते, म्हणजे जे करायचं त्याच्या उलट. टायर निवडताना अजून एक बघा, साइडवॉल. अंगठ्याने दाबल्यावर बाजूची भिंत सहज आत गेली पाहिजे, कारण दगडाच्या कोपऱ्याला टायरने मिठी मारायची असते आणि ती ट्रेडपेक्षा (जमिनीला टेकणाऱ्या नक्षीपेक्षा) साइडवॉलच जास्त मारते.

पण टायरपेक्षाही दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आतला फोम. स्टॉक फोम एकाच जातीचा मऊ स्पंजसारखा असतो, त्यात पितळेच्या पार्टचं (ते पुढे येतंच) वजन पडलं की उतारावर खालच्या अंगाचा टायर पूर्ण दबून रिमवर बसतो आणि गाडी कलंडते. ड्युअल-स्टेज फोम घ्या, त्यात आतलं कडं कडक क्लोज्ड-सेलचं (बंद छिद्रांच्या फोमचं) असतं आणि बाहेरचं मऊ. आतलं कडं गाडी पेलतं, बाहेरचं दगडाला चिकटतं. क्लोज्ड-सेल पाणी पीत नाही हा पावसाळ्यात मोठाच फायदा, स्पंज मात्र ओढ्यातून एकदा गेला की प्रत्येक चाकात पाणी घेऊन फिरतो. फोम टायरपेक्षा किंचित मोठा वाटला तर बसवून बघा आधी, ट्रेडचा मधला भाग फुगला तर बाहेरच्या कड्यावरून कात्रीने थोडं थोडं कापा. पुढे थोडा कडक आणि मागे मऊ असं पण करता येतं, कारण वजन पुढे जास्त आहे.

रिम बीडलॉकच (रिंग आणि स्क्रूने टायर धरणाऱ्या) घ्या, ग्लूवाल्या नको, नाहीतर फोम बदलायला दरवेळी टायर उकळत बसावं लागेल. बसवताना टायरची कड खाचेत सगळीकडे नीट बसली का ते बोटाने फिरवून बघायचं, मग रिंग ठेवायची आणि स्क्रू समोरासमोरचे घ्यायचे, एका ओळीत गोल गोल नाही, आणि पहिल्या फेरीत कुठलाच पूर्ण आवळायचा नाही. हे छोटे स्क्रू हाताने आवळा, इलेक्ट्रिक ड्रायव्हरने धागे जातात. हवा जायला भोक पाहिजे, रिमला असतं बहुतेक. पाण्यात चालवणार असाल तर रिमचं भोक बंद करून टायरच्या ट्रेडमधे दोन छोटी भोकं पाडा, चाक फिरलं की पाणी बाहेर फेकलं जातं.

टायर झाले की पितळ. हीच खरी जादू आहे. वजन जेवढं खाली आणि स्प्रिंगच्या खालच्या बाजूला, तेवढं गाडी आडव्या उतारावर चिकटून बसते, म्हणजे चॅसिसवर शिसं चिकटवून उपयोग नाही, अॅक्सल आणि चाकापाशीच वजन पाहिजे. टीआरएक्स-४ साठी पोर्टलची बाहेरची झाकणं पितळेची मिळतात, स्टिअरिंग नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा) मिळतात, चाकामागचे हेक्स (चाक बसतं ते षटकोनी तुकडे) मिळतात, रिमच्या आत बसणाऱ्या रिंगा पण मिळतात. पहिली खरेदी पुढच्या पोर्टल कव्हरची करा, मागची आत्ता नको. विकणाऱ्याने ग्रॅम दिलेले असतात, तेवढे वाचा, कारण "हेवी" लिहिलेला पार्ट कधी कधी पोकळ निघतो. पुढे कव्हर आणि नकल टाकून पुन्हा काट्यावर ठेवा, ६० टक्क्यांच्या जवळ आला असाल तर थांबा. मागे वजन वाढवत गेलात तर चढावर पुढचं टोक हलकं पडतं आणि गाडी उताणी होते, आणि दोन्हीकडे भरमसाट टाकलं तर अॅक्सल शाफ्ट आणि बेअरिंगवर ताण, कड्यावरून पडली की जोरात आपटणं, हे सगळं मागोमाग येतं.

कव्हर बदलताना: चाक काढा, हेक्स आणि त्यातली छोटी पिन काढा, ही पिन गवतात पडली की सापडत नाही म्हणून पहिल्यांदा ताटात काढून ठेवा. कव्हरचे स्क्रू काढल्यावर आतले दोन गिअर दिसतात, जुनं ग्रीस कापडाने पुसा, बेअरिंग जुन्या कव्हरमधून नव्यात घाला. बोटाने दाबून बसलं पाहिजे, हातोडा लागत असेल तर भोकाच्या कडेला रंग किंवा बर (धातूची खरबरीत कड) राहिलाय, तो बारीक पॉलिश पेपरने काढा. उलट खुळखुळत असेल तर तो पार्ट परत पाठवा, तो पुढे गिअर खाणार. पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस लावा, दाबून भरू नका, दात झाकले तेवढं बस. पितळेत जाणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा, प्लॅस्टिकमधे जाणाऱ्याला अजिबात नाही, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. बंद केल्यावर चाक बसवून हाताने पूर्ण डावी-उजवीकडे वळवा, पितळेचं कव्हर रिमच्या आतल्या कडेला घासतंय का बघा. घासत असेल तर जाड हेक्स लावून चाक थोडं बाहेर काढावं लागतं. आणि हो, एलन की चांगल्या घ्या, २ आणि २.५ मिलीमीटरच्या दोन चांगल्या की बाकी कुठल्याही अपग्रेडपेक्षा जास्त कामाच्या आहेत, बॉक्समधली वाकडी पट्टी स्क्रूचं डोकं गोल करते.

एवढं झालं की सर्व्हो रडायला लागेल. टीआरएक्स-४ चा स्टॉक सर्व्हो ९ किलो-सेंटीमीटरच्या आसपासचा, स्टॉक वजनाला ठीक, पण मऊ टायर आणि पितळ आल्यावर दोन दगडांच्या फटीत पुढचं चाक अडकलं की तो वळतच नाही, नुसता गुणगुणतो. २५ ते ३५ किलोचा मेटल गिअर सर्व्हो घ्या, बरोबर २५ दातांचा अॅल्युमिनियम हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावर बसणारा हात). इथे अॅल्युमिनियम योग्य आहे कारण प्लॅस्टिकचा हॉर्न आतून पिळला जातो.

आता इथेच लोक फसतात. मोठा सर्व्हो अडकला की कित्येक अँपिअर ओढतो, ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधला) बीईसी (सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज देणारा भाग) तेवढं देऊ शकत नाही, व्होल्टेज पडतं, रिसीव्हर रीसेट होतो आणि गाडी चढावर मधेच एक सेकंद मेल्यासारखी होते. मग लोक म्हणतात रेडिओ खराब आहे. रेडिओ ठीक असतो, वीज कमी पडलेली असते. वेगळा बीईसी लावा, १० अँपिअरच्या आसपासचा. टीआरएक्स-४ मधे एक काळजी घ्यायची, डिफ-लॉक (अॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) आणि टू-स्पीडचे (दोन गिअर बदलणारे) छोटे सर्व्हो त्याच रिसीव्हरवर आहेत, त्यांना ७.४ व्होल्ट देऊ नका. म्हणून बीईसीचा लाल आणि काळा थेट मोठ्या सर्व्होला जोडा, सर्व्होची सिग्नलची वायर आणि काळी वायर रिसीव्हरला जाऊ द्या, लाल जाऊ देऊ नका. काळी दोन्हीकडे जोडलेली पाहिजेच, नाहीतर सर्व्हो थरथरत बसतो. दुसऱ्या गाडीत बीईसी थेट रिसीव्हरलाच देणार असाल तर ईएससीच्या प्लगमधली मधली लाल पिन टाचणीने प्लॅस्टिकची जीभ उचलून बाहेर काढा आणि तिला हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाला, दोन बीईसी एकमेकांवर चालवायचे नसतात. थेट बॅटरीवर चालणारे सर्व्हो पण मिळतात, चांगले असतात, पण ते टू-एससाठी (दोन सेलच्या बॅटरीसाठी) असले आणि तुम्ही थ्री-एस (तीन सेलची) लावली तर धूर.

सर्व्हो बसवल्यावर हॉर्न घालायच्या आधी रेडिओ चालू करा, ट्रिम शून्यावर आणा, सर्व्होला त्याच्या मध्यावर येऊ द्या, मग हॉर्न सरळ उभा बसवा. नंतर स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि कान लावा, नकल अडल्यावर पण सर्व्हो गुणगुणत असेल तर त्या बाजूचा एंडपॉइंट (रेडिओमधली वळण्याची मर्यादा) गुणगुण थांबेपर्यंत कमी करा. दोन्ही बाजूचे एंडपॉइंट वेगळे येतील, येऊ द्या.

यानंतर मोटरचं बोलू. स्टॉक २१ टर्नची (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे) ५५० मोटर वाईट नाही, फक्त अगदी हळू चालवताना ती गचके देते. स्वस्तात करायचं तर ३५ ते ४५ टर्नची ब्रश मोटर लावा, टर्न जास्त म्हणजे वेग कमी आणि हळू चालण्यावर ताबा जास्त, बरोबर हॉबीविंगचा १०८० ईएससी, त्यात ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) किती लागावा हे प्रोग्रॅम कार्डने ठरवता येतं. पैसे असतील तर हॉबीविंगचीच फ्युजन घ्या, मोटर आणि ईएससी एकाच डब्यात, सेन्सरची वायर नाही, गाडीत जागा मोकळी होते, आणि दगडावर गाडी गोगलगायीसारखी सरकवता येते, चढावर सोडली तरी धरून ठेवते. १२०० केव्हीची (केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाचे फेरे) शुद्ध क्रॉलिंगला, १८०० ची ट्रेलवर चालत्या माणसाबरोबर राहायला. ट्रॅक्ससचा स्टॉक ईएससी फक्त ब्रश मोटर चालवतो, तेव्हा नुसती ब्रशलेस मोटर आणून त्याला जोडायचं डोक्यात असेल तर काढून टाका. बॅटरीचा प्लग पण बघून घ्या, ट्रॅक्ससचा प्लग वेगळा असतो, अॅडॉप्टर किंवा सोल्डरिंग करावंच लागतं. पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) बसवताना पिनियन आणि स्परच्या (त्याला लागणाऱ्या मोठ्या गिअरच्या) दातांमधे वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबा, मोटरचे स्क्रू आवळा, मग पट्टी फिरवून काढा. पट्टीला घड्या पडल्या पण फाटली नाही तर मेश (दातांमधलं अंतर) बरोबर. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर असाल तर स्टॉक ईएससीचा एलईडी हिरवा आहे ना ते बघा, हिरवा म्हणजे लो-व्होल्टेज डिटेक्शन (बॅटरी फार उतरायच्या आधी गाडी थांबवणारं) चालू, लाल असेल तर तुमची लायपो मरणार आहे. आणि मोठी बॅटरी कशाला, २२०० एमएएचची छोटी घ्या आणि ट्रे पुढच्या अॅक्सलच्या जवळ, जमेल तेवढी खाली सरकवा. वजनाचा हा एकच बदल जवळपास फुकटात होतो.

शॉकमधे ऑइल ३० ते ४० वेटच्या (वेट म्हणजे ऑइलचा घट्टपणा) आसपास ठेवा, फार घट्ट ऑइल असलं की टायर खड्ड्यात उतरायला उशीर करतो. स्प्रिंग मऊ करा, गाडी स्वतःच्या वजनाने तिसरा हिस्सा तरी खाली बसली पाहिजे. ऑइल भरल्यावर पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे काढा, थोडा वेळ उभे ठेवा, मग टोपी लावा. चकचकीत शॉक घ्यायची खरंच गरज नाही, गळत नसतील तर स्टॉकवरच काम होतं.

खालच्या लिंक (अॅक्सल चॅसिसला जोडणाऱ्या दांड्या) स्टेनलेस स्टीलच्या घ्या, अॅल्युमिनियमच्या नको. अॅल्युमिनियम मऊ असतं, दगडाला घासून त्यावर खाचा पडतात आणि मग प्रत्येक खाच दगडावर अडते, स्टेनलेस घसरून पुढे जातं आणि वजनही खालीच वाढतं. लांबी कॅलिपरने जुन्या लिंकच्या भोकापासून भोकापर्यंत मोजून तेवढीच ठेवा. पुढे लिंकबरोबर पॅनहार्ड रॉड (अॅक्सल बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) पण आहे, त्यातल्या एकाची लांबी चुकली की अॅक्सल बाजूला सरकतो.

ओव्हरड्राइव्ह गिअर हा त्याच्या पुढचा टप्पा. पुढची चाकं मागच्यापेक्षा थोडी जास्त फिरवायची, म्हणजे पुढचा अॅक्सल गाडीला सतत ओढतो, चढावर नाक खाली राहतं, वळण पण लहान होतं. दगडावर मस्त. पण फरशीवर किंवा डांबरावर चालवलं तर टायर घसरायला जागा नसते, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर जातो. अंगणात मुलांना चालवायला देणार असाल तर हे नकोच.

आता न घेण्याच्या वस्तू. अॅल्युमिनियमचे शॉक टॉवर, बॉडी माउंट, वरचे ब्रेसेस, बंपर, "फुल मेटल सेट" म्हणून जे विकतात ते. दिसतं छान, पण वजन वर जातं, आणि बिननावाच्या सेटमधे भोकं ढिली असतात, महिनाभरात सगळी गाडी खुळखुळ्यासारखी वाजते. प्लॅस्टिक वाकून परत येतं तिथे हे वाकून तसंच राहतं. छतावरचा कॅरियर, त्यावर खोके, डबे, शिडी, जादा टायर हे फोटोला ठीक, पण एसटीच्या टपावर बोजा टाकल्यासारखं आहे, फळीवर ठेवून अंश मोजा, कॅरियर काढून परत मोजा, मग ठरवा. हार्ड बॉडी पण दिसायला जबरदस्त पण लेक्सनच्या (पातळ, लवचिक प्लॅस्टिकच्या) बॉडीपेक्षा जड, तिचा सगळा भार वर. स्केल लूकसाठीच चालवत असाल तर बिनधास्त लावा, मग तेवढं पितळ खाली वाढवा. पैसे कमी असतील तर टायर, फोम आणि पुढचं पितळ एवढ्यावरच थांबा, कस्टम्स धरून जेवढ्यात मोटर पडते तेवढ्यात हे तिन्ही होऊन जातं बऱ्याचदा.

पावसाळ्याचं थोडं. ओल्या कातळावर शेवाळ असलं की कुठलाच टायर चालत नाही, तिथे पार्ट घालून उपयोग नाही, रस्ता बदला. पाण्यातून आणलेल्या गाडीचे पोर्टल दोन-तीन फेऱ्यांनी उघडून बघा, ग्रीस दुधी दिसलं की आत पाणी गेलंय, पुसून नवीन भरा. बेअरिंग रबर सीलची घ्या, लोखंडी झाकणाची नको. सर्व्हो वॉटरप्रूफ म्हणून घेतला तरी झाकणाचे स्क्रू ढिले नाहीत ना तेवढं बघा.

छोट्या गाड्यांचं, म्हणजे १/२४ चा एससीएक्स२४ किंवा २०२२ मधे आलेला १/१८ चा टीआरएक्स-४एम, गणित तेच पण पितळेचा फरक तिथे कैक पटीने जास्त जाणवतो, कारण गाडीच काही शे ग्रॅमची. एससीएक्स२४ ला पुढच्या अॅक्सलला पितळेचे नकल आणि १.० इंचाचे मऊ टायर एवढंच टाकून बघा, बाकी पैसे खिशात ठेवा. फक्त या गाडीचे स्क्रू बारीक असतात आणि प्लॅस्टिकमधे जातात, एकदा धागा गेला की त्या भोकात स्क्रू धरत नाही, म्हणून स्क्रू घालताना आधी उलटा फिरवा, टिक झालं की जुना धागा सापडला, मग सरळ आवळा.